पिवळी गोळी बंद

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भारतने बापाच्या गोळ्या बंद केल्या. तिन्ही. दिवसातून चार वेळा घ्यायची पिवळी, दोन वेळा घ्यायची बारकी पांढरी आणि झोपताना घ्यायची गुलाबी. डबा त्याने पत्र्याच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर त्या दिवसाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

त्याची आई रंगुबाई पाण्याचा ग्लास घेऊन ओसरीत उभी होती.

"आज न्हाई द्यायची," भारत म्हणाला.

"कोणची?"

"कोणचीच न्हाई. शनवारपातुर एकेक करून लावायची. बारकीपासनं सुरू."

रंगुबाईने ग्लासाकडं पाहिलं, खाटेवरच्या नवऱ्याकडं पाहिलं आणि ती आत गेली. पोपटराव बसून होते. सकाळच्या पहिल्या गोळीआधी ते नेहमीच असे असत. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर रेष हलत नसे. घोंगडीवर ठेवलेल्या ओंडक्यासारखे. अंग पिळण्याचा खेळ सुरू व्हायचा तो गोळी पोटात गेल्यावर पाऊण तासाने.

न्हावऱ्याच्या अलीकडं, शिरूर-दौंड रस्त्यापासून आत, चार एकर ऊस, थोडा कांदा आणि दोन म्हशी असलेली ही वस्ती. पोपटरावांना कंपवात होऊन चार वर्षं झाली होती. पुण्याचे मेंदूचे डॉक्टर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दौंडला एका दवाखान्यात येत. बाहेर पन्नास माणसं बसलेली असत, आत पाच मिनिटं मिळत. दर खेपेला भारत सांगायचा, फरक नाही. चार-सहा खेपांनी डॉक्टर पिवळी गोळी थोडी वाढवायचे. अर्धीची एक झाली, एकची दीड झाली, जानेवारीच्या चौथ्या शनिवारी दोन झाल्या. त्यानंतरही आठवडाभर पोपटरावांना धोतराचा सोगा धरता येत नव्हता.

मग फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी ते उठले. कुणी न धरता ओसरीच्या दोन पायऱ्या उतरले, गोठ्यापर्यंत गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिला खरारा केला न्हाई कुणी." भारतची बायको मोनाली चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली. रंगुबाईने अंगणातच जमिनीला डोकं टेकवलं. तीन दिवस पोपटराव चालले. चौथ्या दिवशी त्यांची मान एका बाजूला वळायला लागली, खांदा वर चढून खाली यायला लागला, पाय पेंडीच्या पोत्याखाली काही शोधत असल्यासारखा जमिनीवर फिरायला लागला. बसलं की कंबर हलायची, उभं राहिलं की सगळं अंग. शेजारचे म्हस्कूआप्पा रविवारी आले तेव्हा बांधावरूनच ओरडले, "पोपटराव, लेझीम सोडून तीस वर्षं झाली की! आत्ता कुठं हात चालाया लागलं?" आणि मग जवळ आल्यावर त्यांनी टोपी काढली.

सोमवारी पोपटरावांना माणसं दिसायला लागली. गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेली, ओळीने, डोक्याला फडकी बांधलेली ऊसतोडीची माणसं.

"मोने, किती येळची बसल्यात ती. च्या टाक की."

"मामा, कोण न्हाई वो तिथं."

"घरी आलेल्या माणसाला च्या न्हाई देत व्हय तू?" त्यांचा आवाज चार वर्षांत कुजबुजीएवढा राहिला होता. त्या दिवशी तो रस्त्यापर्यंत गेला. डेअरीची गाडी थांबली होती, किटल्या उतरवणारे दोघं ऐकत उभे राहिले. "तुझ्या बापाच्या घरची रीत इथं चालायची न्हाई!"

मोनालीने चहा केला. सहा कप भरून गोठ्याच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला. थोड्या वेळाने तो म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात ओतला.

त्याच दिवशी भारतने दौंडच्या दवाखान्यात फोन केला होता. फोनवरच्या बाईने विचारलं, "ताप आहे का? पडलेत का?"

"न्हाई. गोळीनं असं होतंय का, एवढंच इचारायचंय डॉक्टरांना. साइड इफेक्ट."

"डॉक्टर पुण्यात असतात. शनिवारी पेशंट घेऊन या."

"दोन मिनिटं बोलणं झालं असतं तर..."

"शनिवारी पहिला नंबर लावते तुमचा."

भारत रांजणगावच्या एमआयडीसीत, गाड्यांचे रबरी पाइप करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. अकरा वर्षं. तिथं माल खराब यायला लागला की एकच नियम होता: लाइन थांबवायची. सगळं बंद. मग एकेक गोष्ट चालू करत जायचं, दर वेळी पीस तपासायचा. ज्या पायरीला पीस बिघडेल तिथं दोष. या नियमाने त्याने भल्याभल्या इंजिनिअरांना खोटं पाडलं होतं. बापाच्या आजाराचा कागदही त्याने कंपनीच्या तपासणीपत्रावरच आखला होता. तारीख, वेळ, गोळी, हात, पाय, बोलणं, झोप. सात रकाने. कागद स्पष्ट सांगत होता: पिवळी गोळी, पाऊण तास, आणि अंग पिळायला सुरुवात. शनिवारी हा कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा. मग बघू पाच मिनिटांत काय बोलतात.

बुधवार चांगला गेला. पोपटरावांची मान स्थिर होती. भिंतीपाशी कुणी बसलं नव्हतं. दुपारी भारत पहिली पाळी करून आला तेव्हा ते बाजेवर आडवे होते, डोळे उघडे.

"दिवसभर गप हायेत," मोनाली म्हणाली. "लघवीला नेलं तवा जरा जड लागले."

"माणसं?"

"न्हाई."

भारतने रकान्यात लिहिलं: हालचाल नाही. भास नाही. त्याखाली त्याने दोनदा रेघ ओढली. लिहिताना त्याला बरं वाटलं, गेल्या आठवडाभरात पहिल्यांदा.

गुरुवारी सकाळी त्याने बारकी पांढरी सुरू केली. पोपटरावांनी ती घेतली, पण गिळायला वेळ लागला. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. रंगुबाईने पदराने पुसलं. तोंड उघडं ठेवून ते काहीतरी म्हणत होते. भारतने कान खाली नेला.

"पिवळी."

"आबा, आजचा दिस न्हाई. परवा."

"पिवळी दे."

"त्यानंच तर तुमचं अंग पिळतंय. बघा आता कसं शांत हाय."

पोपटरावांचे डोळे त्याच्यावर खिळले. चेहरा तर चार वर्षांपासून काही सांगत नव्हता, जे काही होतं ते डोळ्यांतच. "मी बंद पडलो रं," ते म्हणाले. एका दमात नाही. तीन तुकड्यांत.

साडेसहाची कंपनीची बस फाट्यावर येत असे. भारत निघाला. अंगणात रंगुबाई म्हशीखाली बसली होती. धारा काढताना तिचे हात थांबले.

"आरं, मागतोय तर दे ना."

"आई, मागतात म्हणून द्यायची असती तर डॉक्टर कशाला पायजे? दोन दिस कळ काढ."

"मी कळ काढीन. त्याचं काय?"

"आठवडाभर काय चाललं होतं ते बघितलंस ना तू? का इसरलीस?"

रंगुबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग पुन्हा कास धरली. भारत बसला धावला.

दुपारी साडेबाराला मोनालीचा फोन आला. मशिनच्या आवाजात त्याने तो बाहेर जाऊन घेतला.

"अहो, मामांना उठवतच न्हाई. कुशीवर वळवलं तर सगळंच्या सगळं वळतंय, लाकडावानी. भाकरी काला करून दिली, ती गालातच हाय."

"आधी पण असे जड व्हायचे की."

"असे न्हाई. आधी मी त्यांचा हात उघडायची, तेल लावायची. आता उघडत न्हाई. बोट मोडंल असं वाटतंय."

"मी आल्यावर बघतो."

"आत्ता या ना."

"रिलिव्हर न्हाई, माझ्या जागी उभं राहाया कोण न्हाई. साडेतीनपातुर येतो."

तो चारला आला. बापाची मूठ त्यानेही उघडू पाहिली. अंगठा तळव्यात रुतला होता, नखाची खूण पडली होती. दंड दाबला तर हाड लागावं तसं मांस लागत होतं. त्याने मनात हिशेब मांडला: हा मूळ आजार आहे, गोळीशिवायचा. म्हणजे खरी पातळी आता कळली. आता पिवळी अर्धी दिली तर किती सुधारतं ते कळेल. पण आज अर्धी दिली तर पांढरीचा परिणाम कळणार नाही. शुक्रवार सकाळ. शुक्रवारी सकाळी अर्धी.

"तुम्ही माणूस बघताय का कागद?" मोनालीने विचारलं. ती कधी अशी बोलत नसे.  किल्ली खिशातच राहिली.

शुक्रवारी सकाळी साडेपाचला रंगुबाईने त्याला हलवलं. "अंग तापलंय."

कपाळाला हात लावला तर चटका बसला. थर्मामीटर एकशे तीनला गेला. पोपटराव घामाने भिजले होते, खालची वाकळ ओली होती. श्वास भराभरा चालला होता आणि दातावर दात बसले होते. भारतने कपाट उघडलं. किल्ली दुसऱ्या वेळेला लागली. अर्धी नाही, दोन गोळ्या काढल्या. मोनालीने चमच्याने जबडा उघडला. गोळ्या आत ठेवल्या, पाणी सोडलं. पाणी बाहेर आलं. गोळ्या आत राहिल्या. थोड्या वेळाने ओठाच्या कडेतून पिवळा ओघळ आला आणि मानेपर्यंत गेला.

"गिळा आबा. आबा, गिळा."

रंगुबाई बोट आत घालून गोळी मागं ढकलायला लागली. मोनालीने तिचा हात धरला. "आत्या, श्वासात जाईल."

म्हस्कूआप्पांच्या पोराचा पिकअप कांदा भरून उभा होता. कांद्याच्या गोण्या रस्त्याच्या कडेला उतरवल्या. हौद्यात गादी टाकून पोपटरावांना ठेवलं. उचलताना चार माणसं लागली. वजन काहीच नव्हतं, पण ते कुठंच वाकत नव्हते. पाठीमागच्या फळीवरून पाय बाहेर आले तसे फळी खाली सोडून दोरीने बांधले. न्हावऱ्यापासून पुढं दोन ट्रेलर लावलेले उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चालले होते. बाजूने निघायला जागा नव्हती. रंगुबाई ओला टॉवेल नवऱ्याच्या छातीवर दाबत बसली होती. टॉवेल दर दहा मिनिटांनी सुकत होता. पाचट उडून गादीवर पडत होतं, भारत ते एकेक काढून टाकत होता.

शिरूरच्या दवाखान्यात ते पावणेआठला पोचले. ड्यूटीवर तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात वाकवून पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारली, नळी घालून लघवी काढली. पिशवीत आलेली लघवी काळ्या चहासारखी होती. ती पाहून त्यांनी सिस्टरला सलाईन जोरात सोडायला सांगितलं, मग विचारलं, "कंपवाताच्या गोळ्या चालू आहेत ना?"

भारतने कागद पुढं केला. भिंतीवरून तो निघताना एका कोपऱ्यात फाटला होता.

त्यांनी रकाने वाचले. "बुधवारपासून बंद? कुणी सांगितलं?"

"मी केल्या."

"का?"

"साइड इफेक्ट होत होता म्याडम. अंग पिळत होतं. भास होत होते. मी फोन केला होता दौंडला. म्हटलं एकेक करून..."

"ही गोळी एकदम बंद करायची नसते." त्या ओरडल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक, सफाईवाली, दारातला वॉचमन, सगळे ऐकत होते. "शरीर त्या गोळीवर चालतं. एकदम काढली की सगळे स्नायू आवळतात, ताप चढतो. स्नायू तुटायला लागतात, ते किडनीत अडकतं. हा रंग त्याचा आहे. तुम्ही काय करता?"

"कंपनीत हाय. क्वालिटीला."

 डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा वाचला. बोट सोमवारी, दोन तारखेवर थांबलं. "इथं अचानक चालायला लागले. गोळी तर आधीच्याच आठवड्यात वाढली होती. मधे काही बदललं? दुसरं औषध, काढा, जेवण?"

"काहीच न्हाई."

"गोळी कशाबरोबर देता?"

भारतने आईकडं पाहिलं. गोळी देणं तिचं काम होतं. त्याच्या कागदाला तो रकाना नव्हता.

रंगुबाई भिंतीशी उभी होती, पदर तोंडावर.

"आजी, कशाबरोबर?"

"दुधाबरोबर."

"किती दूध?"

"तांब्याभर. निरसं, धारंचं. इंग्रजी गोळी उष्ण पडती म्हणून. चारी टायमाला. पहिल्यापासनं."

"आणि आता? आताही दूधच?"

 डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं. भारत म्हणाला, "आई, सांग ना." ती मान हलवत राहिली, नाही नाही अशी. मग तिने डोळे मिटले आणि हात जोडले. ते डॉक्टरीणबाईंना जोडले होते की कुणाला, ते कळलं नाही.

"सोडलंय," ती म्हणाली. "दूध सोडलंय त्याचं. देवाला, नाथसायबाला. म्हटलं ह्यो चालू दे, देवळापातुर पायी येऊ दे, तवर ह्यो दुधाला शिवणार न्हाई. ह्यालाच इचारून सोडलं. ह्याला दूध लई आवडतं, म्हणून तेच सोडलं." तिने डोळे उघडले. "आन् तिसऱ्या दिशी चालला की वो. मग मी कशी सांगू? फेडल्याबिगार बोलायचा नसतो नवस. बोललं की गेला."

"कधी सोडलंत?"

"शनवारी. एकतीस तारखंला. तवापासनं पाण्याबरोबर देत हुते."

 डॉक्टरीणबाई भारतकडं वळल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं. दुधातलं प्रथिन या गोळीला आत जाऊ देत नाही. चार वर्षं गोळी दुधाबरोबर जात होती, म्हणून तिचा अर्धा-पाऊण भाग वायाच जायचा. डॉक्टरांना वाटलं डोस कमी पडतोय, त्यांनी वाढवला. दूध थांबलं आणि वाढवलेला सगळा डोस एकदम लागू झाला. म्हणून चालले. म्हणूनच मग अंग पिळलं, माणसं दिसली. "डोस जास्त होत होता, गोळी वाईट नव्हती. थोडी कमी केली असती तर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं.

भारत कागदाकडं बघत उभा होता.

नाकातून नळी घातली. गोळी कुटून, पाण्यात कालवून, सव्वानऊला पहिली दिली. अंगावर ओल्या चादरी टाकल्या, पंखा लावला. दहाच्या सुमारास सिस्टर छापील चिठ्ठी घेऊन आली. नळीवाटे द्यायचं खाणं, नातेवाइकांनी आणायचं. पहिल्या ओळीत दूध होतं.

"दूध न्हाई," भारत आणि रंगुबाई एकदमच म्हणाले. भारत गोळीसाठी म्हणाला, रंगुबाई देवासाठी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. सिस्टर म्हणाली, गोळीत आणि दुधात अंतर ठेवलं की चालतं, मॅडमनी वेळा लिहून दिल्यात. रंगुबाई बाहेर जाऊन बाकड्यावर बसली.

मोनालीने तिच्यासाठी चहा आणला. तिने तो घेतला नाही.

"आत्या, कोरा हाय."

"मी तोंडानं बोलले गं. चार माणसांत बोलले."

"बोललात म्हणून तर कळलं."

"कळलं. आन् आता?"

 मोनाली शेजारी बसली. कप दोघींच्या मधे राहिला. थोड्या वेळाने रंगुबाई म्हणाली, "त्याला काय बोलू नगंस. भारताला. त्यानं बापासाठीच केलं."

"मी कुठं काय बोलले?"

"बोलू नगंस."

शुक्रवारचा दिवस आणि रात्र तापात गेली. एकशे तीन, एकशे तीन पॉइंट चार, एकशे दोन, पुन्हा तीन. शनिवारी सकाळी साडेदहाला भारतने दौंडला फोन लावला. त्याच बाईने उचलला.

"पहिला नंबर तुमचाच आहे. आला नाहीत?"

"शिरूरला ॲडमिट हायेत. डॉक्टरांना द्या फोन. न दिला तर मी फोन ठेवणार न्हाई."

एक मिनिटाने डॉक्टरांचा आवाज आला. भारतने सगळं सांगितलं. तारखा, वेळा, गोळ्या, दूध. पाठ केल्यासारखं.

"दुधाबरोबर? चारही वेळा? हे मला कुणी सांगितलं नाही."

तुम्ही विचारलं नाही, हे वाक्य भारतच्या जिभेवर आलं. मागून खाटेचा करकर आवाज आला म्हणून तो वळला, सिस्टर चादर बदलत होती. तो म्हणाला, "आबा वाचतील का?"

"वय?"

"सत्तर."

"फोन तिथल्या डॉक्टरांना द्या."

डॉक्टरीणबाई फोन घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या. त्या बराच वेळ ऐकत होत्या, तळहातावर पेनने आकडे लिहीत होत्या. परत आल्यावर म्हणाल्या की डोस बदलून सांगितलाय, आणि किडनीचा आकडा वाढत राहिला तर पुण्याला हलवावं लागेल. गाडीत तेवढा वेळ काढतील का, हे आत्ता सांगता येत नाही.

बाराला ताप एकशे दोन पॉइंट दोन होता. लघवीचा रंग तसाच. रंगुबाईने सांगितलं की उजव्या हाताचा अंगठा हलला, तळव्यातून बाहेर आला होता, तिने स्वतः पाहिलं. सिस्टर म्हणाली, सुई बदलताना मी हात धरला होता, त्याने असेल. भारत स्टूल ओढून खाटेशी बसला आणि अंगठ्याकडं बघत राहिला. एक वाजेपर्यंत अंगठा हलला नाही.

सव्वा वाजता तपासणीला रक्त नेलं. किडनीचा रिपोर्ट पाच वाजता येणार होता.